हँडवॉशचा फेस आणि मिठाची पिशवी: रबाळे, मार्च-एप्रिल २०२५

३ मार्च, सोमवार

जुन्या गिऱ्हाइकाची नवी तक्रार. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत कँटीन चालवणाऱ्या एका केटररला आपण तीन वर्षं हँडवॉश देतो. त्यांच्या स्वयंपाकघरातली पोरं दिवसातून पंधरा-वीस वेळा हात धुतात. बोटांच्या पेरांना भेगा पडताहेत म्हणतात. मागण्या तीन: हात कोरडे पडू नयेत, फेस कमी होऊ नये, भाव वाढू नये. साहेब हसले आणि फाईल माझ्याकडे सरकवून चहाला गेले.

सध्याचा माल शंभर किलोला असा: एसएलईएस पेस्ट १४ किलो, बीटेन २, ग्लिसरीन १, मीठ २.५, बाकी रंग, वास, प्रिझर्व्हेटिव्ह आणि पाणी. म्हणजे धुण्याचं जवळपास सगळं काम एकट्या पेस्टवर.

पेस्ट म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, तेच एसएलईएस. खोबरेल किंवा पामच्या बियांच्या तेलातून लॉरिल अल्कोहोल निघतं, त्याला इथिलीन ऑक्साइड जोडतात, मग सल्फर ट्रायऑक्साइडची प्रक्रिया करून कॉस्टिकने उदासीन करतात. रेणूचं एक टोक तेलकट, दुसरं पाण्याला चिकटणारं. शाम्पू, भांड्यांचं जेल, फेसवॉश, गाडी धुवायचं लिक्विड, टीटीसीतल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, कुठल्याही गाळ्यात हे बनत असेल तर कोपऱ्यात पेस्टचा निळा ड्रम असणारच. फेस भरपूर, भाव परवडणारा, आणि कठीण पाण्यात साबणासारखा फाटत नाही.

पेस्ट १२ वर आणून बीटेन ८ पर्यंत नेऊन बघायचं. नारळाच्या तेलापासूनचंच हे बीटेन, पण रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार. एसएलईएसच्या जोडीला बसलं की त्याचा त्वचेवरचा कडकपणा उतरतो. ते मिळतं ३० टक्क्यांच्या द्रावणात आणि पेस्ट ७० टक्क्यांची, त्यामुळे किलोवर जाऊन फसायचं नाही. एकूण सक्रिय भाग, म्हणजे पाणी सोडून खरं धुणारं द्रव्य, जुन्यात १०.४ टक्के होता, नव्यात १०.८ येतो.

६ मार्च, गुरुवार

सकाळी येऊन बघते तर मिक्सिंगच्या बाजूला ड्रम उभा आणि त्यात काचेसारखी जेली. नवा हेल्पर पोरगा रात्रपाळीला होता. ड्रमच्या तळाशी दहा-बारा किलो पेस्ट चिकटून राहिली होती, ती सुटावी म्हणून त्याने वरून दोन बादल्या पाणी ओतलं. झाऱ्याने ढवळायला गेला आणि झारा आतच उभा राहिला.

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पाणी घातलं की वस्तू पातळ होते हे आपण लहानपणापासून बघत आलो. ही वस्तू उलटी. ७० टक्क्यांवर रेणूंचे थर पापडांच्या चळतीसारखे एकावर एक असतात, थर थरावरून सरकतो, म्हणून पेस्ट पंपाने ओढता येते. पाणी मिसळत प्रमाण ६० ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात आलं की तेच रेणू लांब दांड्यांत गोळा होतात आणि दांड्या षटकोनी जुडग्यांत घट्ट बसतात. मग ती जेली कापावी लागते. ३० च्या खाली पुन्हा पातळ. त्या मधल्या पट्ट्यातून पटकन पार व्हायचं असेल तर आधी टाकीत सगळं पाणी, मग ढवळत ढवळत पेस्ट, थोडी थोडी.

मिक्सिंगचे मामा त्याला म्हणाले, "पिठलं कधी केलंयस का? पिठावर पाणी ओतलंस तर गुठळ्याच खाशील." पोरगा बिहारचा. पिठलं म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. मग सत्तूचं उदाहरण निघालं आणि त्याला लगेच कळलं.

ड्रम गरम पाणी घालून झाकून ठेवलाय. उद्यापर्यंत सुटेल.

१० मार्च, सोमवार

नव्या लॉटच्या पेस्टचं टायट्रेशन, म्हणजे थेंब मोजून सक्रिय भाग किती ते काढणं. कागदावर ७० लिहिलंय म्हणून ७० धरायचं नाही, एकदा हात पोळलाय. हायामीनने (पेस्टच्या उलट भाराचं रसायन) दोन थरांची जुनी पद्धत: बाटलीत खाली क्लोरोफॉर्म, वर पाणी, मिश्र इंडिकेटर. सुरुवातीला क्लोरोफॉर्मचा थर गुलाबी. हायामीन थेंबाथेंबाने घालायचं, प्रत्येक वेळी बूच लावून हलवायचं, थर वेगळे व्हायची वाट बघायची. गुलाबी जाऊन राखाडी-निळसर झालं की थांबायचं. एक थेंब जास्त गेला की स्वच्छ निळा होतो आणि सगळं पुन्हा. तीन वेळा केलं, सरासरी ६९.२. ठीक.

१२ मार्च, बुधवार

अर्ध्या लिटरच्या बीकरमध्ये नवा माल. १२ पेस्ट, ८ बीटेन, १ ग्लिसरीन. मीठ १ टक्का घातलं आणि पाचच मिनिटांत छान दाट झालं. पीएच ५.८. पेरांवर घेऊन चोळला तर फेस बारीक, सायीसारखा. जुन्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, लवकर बसणारा.

मिठाची नोंद बॅच कार्डावर नेहमीसारखी केली: आवश्यकतेनुसार.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड. आज अख्ख्या गाळ्याचे हात जांभळे-हिरवे. अशी आयती चाचणी वर्षातून एकदाच मिळते. दोन पंप बाटल्या ठेवल्या, एकावर लाल टेप (जुना), एकावर पांढरा (नवा). पॅकिंगच्या बायकांना सांगितलं, डावा हात लाल बाटलीने धुवा, उजवा पांढऱ्या.

रंग दोन्हींनी सारखाच निघाला, म्हणजे पुरता कुठल्यानेच नाही. तो नखांत बसलाय, जाईल तेव्हा जाईल. पण रंग खेळण्याआधी सगळ्यांनी हातापायांना खोबरेल चोपडलं होतं आणि त्याचा अंश आजही होता. लाल बाटलीचा फेस तेलकट हातावर आला तसा बसला. पांढरीचा टिकला. पॅकिंगच्या ताई म्हणाल्या, "ही पांढरीच चांगली, हिच्यानं हात स्वच्छ झाले." दोन्ही हात एकमेकांशेजारी धरून दाखवले, रंगात तसूभर फरक नाही, तरी त्या म्हणाल्या की पांढरीच.

गिऱ्हाईक फेसाने मोजतं. तेल आणि धूळ सुटते ती पाण्यातल्या मिसेल्समुळे, म्हणजे तेलकट टोकं आत वळवून बसलेल्या रेणूंच्या गोळ्यांमुळे. फेस हा हवा अडकल्याचा परिणाम. कपड्यांच्या मशीनची पावडर तर मुद्दाम कमी फेसाची करतात. पण हे हँडवॉशच्या पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगून उपयोग नाही. त्याला हातात काहीतरी झाल्यासारखं वाटलं पाहिजे, नाही तर तो तीन पंप जास्त मारणार आणि मग हात फुटणारच. म्हणून फेस हवा, हे मी आता वाद न घालता मान्य केलंय.

दुपारी मोजून पाहिलं. रॉस-माइल्सची काच आपल्याकडे नाही (त्यात २०० मिली द्रावण ९० सेंटिमीटरवरून खालच्या ५० मिलीवर सोडतात आणि फेसाची उंची बघतात). आपलं देशी: १ टक्का द्रावण, बूचवाला मोजसिलेंडर, दहा वेळा उलटापालट. जुना ११८ मिली फेस, पाच मिनिटांनी ९६. नवा १२२, पाच मिनिटांनी ११५. खोबरेलाचे दोन थेंब टाकून: जुना ६०, नवा ९२. ताईंचा हात खरं बोलत होता.

२० मार्च, गुरुवार

पन्नास किलोची पायलट बॅच बिघडली.

मी दुपारी वाशीला सॅम्पल द्यायला गेले होते. परत आले तर मामा टाकीपाशी, हातात मिठाची पिशवी, चेहरा पडलेला. टाकीत पाण्यासारखा, किंचित धुरकट माल.

मामांनी सांगितलं तसं लिहिते. पेस्ट लवकर विरघळावी म्हणून पाणी कोमट घेतलं. बीटेन, ग्लिसरीन, सगळं कार्डाप्रमाणे. मग अर्धा किलो मीठ. पळीने उचलून धार बघितली, पातळ. वीस वर्षं त्यांचा नियम एकच: पातळ दिसलं की मीठ. आणखी अर्धा किलो. धार थोडी जाड झाली, पण मनासारखी नाही. आणखी अर्धा. आता धार आधीपेक्षा पातळ. "ताई, मीठ टाकतोय तसा माल पाणी होत चाललाय. मी दारू पीत नाही, तुम्हाला माहिताय." मी हसायला नको होतं.

संध्याकाळी गार झाल्यावर व्हिस्कोमीटरवर (दाटपणा मोजायच्या यंत्रावर) लावलं: ७०० सीपीएस. आपल्याला ४ ते ५ हजार पाहिजे.

मामांची चूक नाही. आवश्यकतेनुसार हे मी लिहिलं होतं. ज्या मालात पेस्टच पेस्ट होती त्यात ते चालून जायचं.

२२ मार्च, शनिवार

सात बीकर. सगळ्यांत तोच माल, वरून घातलेलं मीठ ० पासून ३ टक्क्यांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने. रात्रभर ठेवले, हवा वर येऊन निघून गेली, सगळे २५ अंशांवर आणून मोजले.

मीठ नाही: ३५०. अर्धा टक्का: १,९००. एक: ५,६००. दीड: ८,२००. दोन: ६,१००. अडीच: २,४००. तीन: ७००, तोच मामांचा धुरकट माल.

डोंगर. मामांची बॅच त्याच्या पलीकडच्या उतारावर गडगडत गेली होती. ते जितकं मीठ टाकत होते तितके खाली जात होते.

आलेख काढून टाकीशेजारच्या भिंतीवर लावला. मामांना समजावताना शेवया कामी आल्या. पाण्यातले मिसेल्स आधी गोल मण्यांसारखे. त्यांची बाहेरची टोकं एकाच भाराची, एकमेकांना ढकलणारी. मिठातला सोडियम हे ढकलणं कमी करतो, टोकं जवळ येतात, मण्यांच्या लांब शेवया होतात आणि गुंततात. गुंता म्हणजे दाटपणा. मीठ आणखी वाढलं की शेवयांना फांद्या फुटतात, एक दुसरीला जोडते, आणि ते जोड शेवयांवरून सरकायला लागतात. गुंता सैल पडतो. मामा म्हणाले, "म्हणजे खिरीत दूध जास्त झालं." तसं नाही, पण त्यांना डोंगर पटला, एवढं पुरे.

मग दुसरा प्रश्न: जुन्या मालात अडीच टक्के मीठ चालायचं, इथे दीडलाच शिखर का? एक कारण म्हणजे बीटेन स्वतःच शेवया लवकर करायला लावतं, शिखर डावीकडे सरकतं. दुसरं कारण मला ड्रमवर वाचायला हवं होतं. बीटेन बनवताना क्लोरोअॅसेटेट वापरतात, त्यातून मीठ तयार होतं आणि ते द्रावणातच राहतं. सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन केलं, ५.३ टक्के. म्हणजे ८ टक्के बीटेनसोबत ०.४२ टक्के मीठ आपण न टाकताच टाकीत जातं. जुन्या मालात हे ०.१ च्या आसपास होतं, कुणाला जाणवलं नाही.

आणि तिसरं, मामांनी धार कोमट मालाची बघितली. गरम असताना गुंता तसाही ढिला. गार झाल्यावरच बघायचं.

२४ मार्च, सोमवार

बिघडलेले पन्नास किलो फेकायचे नाहीत, साहेबांचा हुकूम. आणि गटारात सोडता येतातही कुठे. मामा म्हणाले आमटी खारट झाली तर कणकेचा गोळा टाकतात. मी म्हटलं आपण आमटीच वाढवू. आलेखावरून हिशोब सरळ: ३ टक्केवाल्या पन्नास किलोत बिनमिठाचा शंभर किलो माल मिसळला की १ टक्का. मिसळलं. धुरकटपणा गेला, संध्याकाळी २६ अंशांवर ५,३००. मामांनी पळी उचलली आणि धार सुटेपर्यंत बघत उभे राहिले.

२८ मार्च, शुक्रवार

पाणीपुरवठा बंद, पाइपलाइनची कामं. एमआयडीसीचं बारवी धरणाकडचं पाणी आलं नाही, टँकर मागवला. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर लिटरला १,४०० मिलिग्रॅम. बोअरचं पाणी, खाडीकाठचं, चव घेतली तरी कळतं. ०.१४ टक्के म्हणजे थोडंच, पण आता प्रत्येक दशांश मोजायची सवय लागलीय. ह्या पाण्यात बॅच लावायची नाही असं कार्डावर लिहिलं. टँकरचं पाणी धुण्यापुरतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. सुट्टी. सकाळी आईने तेल चोळून उटणं लावलं. फेसाचा एक बुडबुडा नाही आणि तेल मात्र गेलं. आजीकडे केसांना रिठा असायचा, त्यातल्या सॅपोनिनमुळे तांब्याभर पाण्यात फेस व्हायचा आणि डोळ्यांत गेला की आम्ही बोंबलायचो. नोंदवहीत हे कशाला, पण लिहिलं.

२ एप्रिल, बुधवार

केटररच्या खरेदी विभागातल्या दादांचा फोन. त्यांच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय: एसएलएसने कॅन्सर होतो. आपल्या मालात आहे का?

सांगितलं ते असं. आपण वापरतो ते एसएलएस नाही, एसएलईएस. एसएलएस म्हणजे लॉरिल सल्फेट, इथिलीन ऑक्साइड न जोडलेलं, त्वचेला जास्त कोरडं करणारं, इतकं की त्वचा मुद्दाम चिडवून बघायच्या प्रयोगांत तेच वापरतात. त्याने कॅन्सर होतो याला आधार नाही. एसएलईएसच्या बाबतीत विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे: ते बनवताना १,४-डायॉक्सेन नावाचा पदार्थ थोड्या प्रमाणात तयार होतो, आणि त्याच्याबद्दल काळजी खरी आहे. न्यूयॉर्क राज्याने साबण-शाम्पू आणि सफाईच्या मालात त्याची मर्यादा २०२२ च्या अखेरीस २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) आणि २०२३ च्या अखेरीस १ पीपीएम केली. चांगला उत्पादक निर्वात पद्धतीने तो काढून टाकतो. आपण पेस्टवाल्याकडून प्रत्येक लॉटचा डायॉक्सेनचा आकडा मागायला लागलो तर तो खरा उपयोग.

दादांनी विचारलं, मग सल्फेट-फ्री द्या ना. देऊ शकतो. ग्लुकोसाइडवर (साखर आणि तेलापासूनचं, सल्फेट नसलेलं द्रव्य) करता येईल. फेस कमी, मिठाने दाट होत नाही म्हणून वेगळा गम, आणि भाव ऐकून त्यांनी विषय बदलला.

पेस्टवाल्याला मेल टाकला. आकडा मागितल्यावर त्याने आधी फोन करून "मॅडम, आजवर कुणी मागितला नाही" ऐकवलं. चार दिवसांत देतो म्हणाला.

८ एप्रिल, मंगळवार

टिकाऊपणा बघायला ठेवलेले ४५ अंशांच्या ओव्हनमधले नमुने ठीक. फ्रीजमधलेही, गार असताना गढुळले आणि बाहेर काढल्यावर स्वच्छ झाले. पीएच ५.८ वरच. सायट्रिक अॅसिड घालून याहून खाली न्यायचा मोह होतो कारण सोडियम बेंझोएट आम्लात चांगलं चालतं, पण फार आम्लात एसएलईएस हळूहळू तुटतं आणि तुटताना स्वतःच आणखी आम्ल सोडतं. ५.५ च्या खाली नाही.

लिंबाचा वास बदलल्यावर दाटपणा नऊशेने उतरला. वासातलं तेल त्याच मिसेल्समध्ये शिरतं. वासासकट पुन्हा आलेख काढला, मीठ ०.९ ऐवजी १.१. शिखराच्या अलीकडेच थांबायचं, चढावर. पलीकडच्या उतारावरही ५ हजार मिळतात, पण तिथे एक चूक झाली की परतीचा रस्ता दुप्पट मालाचा.

११ एप्रिल, शुक्रवार

पेस्टवाल्याचा डायॉक्सेनचा कागद आला. तसा कागद असल्याशिवाय लॉट उतरवून घ्यायचा नाही, हे गोडाऊनच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

१६ एप्रिल, बुधवार

टाकी धुतलेलं पाणी थेट ईटीपीत (आपल्या सांडपाणी शुद्धीकरणात) गेलं आणि वायुवीजनाच्या टाकीतून फेस कठड्यावरून उतरून पार्किंगमध्ये आला. शेजारच्या गाळ्यातल्या काकांच्या स्कूटरची निम्मी चाकं फेसात. काका फोटो काढत होते. एसएलईएस जिवाणू सहज खातात, १९५० च्या दशकातल्या त्या न कुजणाऱ्या डिटर्जंटसारखं नद्यांवर आठवडेच्या आठवडे तरंगत नाही, पण खायला त्यांना वेळ द्यावा लागतो. एकदम दोनशे लिटर गाढा घोल आणि खालून हवा सोडली तर ते फेसच करणार. पहिलं धुणं वेगळ्या कार्बॉयमध्ये काढायचं आणि पुढच्या बॅचच्या पाण्यात वापरायचं, त्यातही मिठाचा हिशोब धरून. बाकीचं थोडं थोडं सोडायचं. शेवटी हे पाणी सामायिक शुद्धीकरण केंद्रातून ठाण्याच्या खाडीकडेच जातं, आणि ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अजून उतरलेले आहेत.

काकांची स्कूटर पोरांनी धुवून दिली. चकाकली, हे तेच म्हणाले.

२४ एप्रिल, गुरुवार

पाचशे किलो. पाणी आधी, नळाचं, टीडीएस ९०. पेस्ट ६० किलो, दोन तासांत, ढवळणारा अँकर मिनिटाला २५ फेऱ्यांवर म्हणजे हवा ओढली जात नाही. बीटेन ४०. वास, रंग, सायट्रिक. मीठ ५.५ किलो, दहा लिटर पाण्यात आधी विरघळवून, तीन भागांत.

कार्डावर मिठासमोर आकडा आहे, आणि खाली: तापमान ३० च्या खाली आल्याशिवाय धार बघू नये. मामांनी सही केली. उरलेली मिठाची पिशवी त्यांनी स्वतःच गोडाऊनमध्ये नेऊन ठेवली आणि चावी माझ्या टेबलावर आणून दिली. मी मागितली नव्हती.

सकाळपर्यंत हवा निघू द्यायची. मोजायचं उद्या नऊला.

२५ एप्रिल, शुक्रवार

४,६००. पीएच ५.७. पंपाच्या बाटलीतून तार न तुटता निघतो, नळीच्या तोंडाशी थेंब लोंबत नाही. पहिले चाळीस कॅन दुपारच्या टेम्पोने गेले. केटररच्या पोरांच्या हातांचे फोटो दर सोमवारी मागवलेत, सहा आठवडे.

हेल्पर पोरगा ड्रम धुताना मला बोलावून दाखवत होता: आधी टाकीत पाणी, मग पेस्ट. बाजूला डब्यात सत्तू कालवलेलं होतं, एकही गुठळी नाही.